थेंब सांडला तर घोडा फुकट

गुरुवारी अकरा वाजता थेंबदादा अंगणात बसून निवांत दाढी करत होते, तेव्हा त्यांनीच पंधरवड्यापूर्वी विकलेली तांबडी घोडी फाटकातून आत आली. तिच्या दोन्ही कुशींवरून पिवळं काहीतरी ओघळत होतं आणि मागून माश्यांचा घोळका येत होता. लगाम धरून अंडेवाल्या बाई चालत होत्या. कमरेपासून खाली त्याही पिवळ्याच होत्या.

"दादा," बाई म्हणाल्या, "मोजा."

"काय मोजू?"

"फुटलेली मोजायला बसलात तर संध्याकाळ होईल. न फुटलेली मोजा. तीन आहेत."

दादांनी साबण लावलेल्या तोंडानंच टोपल्यांत डोकावून पाहिलं. दहा डझनांतली खरोखरच तीन शिल्लक होती, आणि त्यातल्या एकाबद्दल खात्रीनं काही सांगता येत नव्हतं. ते पुन्हा स्टुलावर जाऊन बसले.

थेंबदादा कोण, हे इथंच सांगून टाकलेलं बरं. त्या भागात घोडे विकणारे पुष्कळ होते, पण चालीचे घोडे विकणारे एकटे तेच. साधा घोडा दुडकू लागला की वर बसलेल्याचे दात वाजतात, बोलायला जावं तर जीभ चावली जाते, आणि घरी पोचल्यावर दोन दिवस उभ्यानं जेवायची वेळ येते. रवाल चालीच्या घोड्याचं तसं नाही. त्याचे चार पाय एकामागून एक, सुटे सुटे पडतात, आणि पाठ पाटासारखी सपाट राहते. वेग तोच, पण माणूस घरच्या खुर्चीत बसल्यासारखा जातो. डोंगरावरच्या वस्त्यांना गाडीरस्ता नव्हता. डॉक्टर, मास्तर, पोस्टमन, सगळ्यांनाच घोड्यावरून जावं लागायचं, आणि ज्याला आपल्या हाडांची काळजी होती तो थेंबदादांच्या अंगणात यायचा.

त्यांची विकायची रीत ठरलेली होती. गिऱ्हाईक आलं की वहिनी, म्हणजे दादांची बायको, पितळेचा पेला पाण्यानं काठोकाठ भरून आणायच्या. दादा घोड्यावर मांड ठोकायचे. डाव्या हातात लगाम, उजव्या तळहातावर पेला. मग अंगणाच्या तीन फेऱ्या, चांगल्या वेगात. उतरले की पेला गिऱ्हाइकाच्या नाकासमोर धरायचे आणि म्हणायचे, "थेंब सांडला असेल तर घोडा फुकट." चाळीस वर्षांत थेंब सांडला नव्हता.

आणि खरं सांगायचं तर ते दृश्य पाहण्यासारखंच असायचं. खाली घोडा धावतोय, आयाळ उडतेय, धूळ उठतेय, कोंबड्या जीव घेऊन पळतायत. आणि वर ते पाणी असं स्वस्थ, की कुणी पेला टेबलावर ठेवून विसरून गेलंय. घोडा घ्यायची ऐपत नसलेली माणसंही नुसती बघायला यायची आणि घरी जाताना खूश होऊन जायची. दादांचं खरं नाव लोक केव्हाच विसरले होते. ते स्वतःही सही करताना क्षणभर थांबायचे.

"बाई, घोडी चालीची आहे," दादा आता वस्तरा पुसत म्हणाले. "तुमच्या डोळ्यांदेखत दाखवली होती."

"दाखवली होती हो. म्हणून तर मागच्या गुरुवारी चार डझन फुटली तेव्हा मी गप्प बसले. म्हटलं माझंच बसणं वाईट असेल. आठ दिवस सकाळ-संध्याकाळ बसायला शिकले. पाठ ताठ, टाचा खाली, सगळं केलं. आणि आज हे." बाईंचा आवाज जरासा खाली आला. "डोंगरावरच्या वसतिगृहाला दर गुरुवारी दहा डझन जातात. माझं घर त्या दहा डझनांवर चालतं, दादा. स्वयंपाकी आज म्हणाला, पुढच्या गुरुवारी धड अंडी आली नाहीत तर येऊच नका."

"सावकाश चालवत न्यावी ना मग."

"सावकाश नेली तर पोचेपर्यंत दुपार होते. तो दहानंतर माल घेत नाही. डोक्यावरून न्यायचे दिवस होते तेव्हा पहाटे निघायचे. आता गुडघे नाही म्हणतात."

तिथेच पलीकडे नालबंद एका घोड्याचा खूर मांडीवर घेऊन बसला होता. हा दादांचा लहानपणापासूनचा मित्र. चाळीस वर्षं दादांच्याच अंगणात, दादांच्याच घोड्यांना नाल ठोकत, दादांनाच टोचून बोलत आलेला. त्यानं तोंडातले खिळे काढून हातात घेतले, म्हणजे आता काम होणार नव्हतं.

"दाखव की परत," तो म्हणाला. "तुझं काय जातंय."

दादांनी अर्धी दाढी तशीच ठेवली. वहिनींनी पेला भरून आणला. दादा तांबडीवर चढले, तीन फेऱ्या मारल्या आणि उतरून पेला बाईंसमोर धरला. चढताना पाणी काठाच्या वर जरासं फुगून उभं होतं, तेवढंच उतरतानाही होतं. बाईंनी पाण्याकडे पाहिलं, घोडीकडे पाहिलं, मग स्वतःच्या पिवळ्या कपड्यांकडे पाहिलं.

"आता मी बसते," त्या म्हणाल्या. "पेला द्या."

पहिल्या फेरीच्या पहिल्याच वळणावर बाईंच्या पेल्यातलं निम्मं पाणी त्यांच्या मांडीवर आणि उरलेलं घोडीच्या कानात गेलं. दादांचा चेहरा जरा उजळला. "बघितलंत? मांड कच्ची आहे."

"मग यांना बसवा," बाईंनी नालबंदाकडे बोट केलं. "यांचा तर जन्म घोड्यांत गेला."

नालबंद उत्साहानं चढला आणि छातीपर्यंत भिजून उतरला. दादा म्हणाले, की हातोडा मारून मारून त्याचा हात थरथरतो. नालबंद म्हणाला, की हात थरथरत नाही, घोडी थरथरते. दोघांची तिथंच जुंपली असती, पण बाईंचं डोकं अंड्यांच्या धंद्यात तयार झालेलं होतं. टोपलीत वाईट अंडं नेमकं कुठलं, हे एकेक बाजूला काढत गेल्यावर कळतं, हे त्यांना ठाऊक होतं.

"घोडी तीच, माणसं बदलली," त्या म्हणाल्या. "आता माणूस तोच ठेवा आणि जनावर बदला."

फाटकाबाहेर विटा वाहणाऱ्याचं गाढव बांधलेलं होतं. त्या गाढवाची सगळ्या रस्त्यावर ओळख होती. ते चालताना आधी एका बाजूनं उडायचं, मग दुसऱ्या बाजूनं, आणि विटा वाहणारा कधीही त्यावर बसत नसे. दादा म्हणाले, हा त्यांच्या धंद्याचा अपमान आहे. नालबंद म्हणाला, "घाबरलास होय?" झालं. दादा पेला घेऊन गाढवावर बसले.

गाढवानं आपल्या परीनं काही कमी केलं नाही. ते उडालं, गर्रकन फिरलं, कुंपणाला घासून गेलं, एकदा तर मधेच बसलं आणि उठलं. दादांचे पाय जमिनीला लागत होते, अर्ध्या गालावर साबण वाळत होता, पण उजवा हात मात्र कुणा दुसऱ्याच माणसाचा असावा तसा शांत होता. गाढव वर गेलं की हात खाली यायचा, गाढव डावीकडे गेलं की मनगट उजवीकडे. दादांना त्याची खबरही नव्हती. गाढव दमून उभं राहिलं तेव्हा पेला काठोकाठ होता.

एव्हाना रस्त्यावरचे पंचवीस-तीस लोक जमले होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या. वीटवाला गाढवाच्या गळ्यात पडला. एवढं कौतुक दादांचं आयुष्यात झालं नव्हतं, आणि त्या एकाच माणसाच्या पायाखालची जमीन सरकत होती.

"सायकल आणा," ते म्हणाले.

दूधवाल्याची सायकल आणली. दादा एका हातानं हँडल धरून ओढ्याच्या कोरड्या पात्रातल्या गोट्यांवरून गेले. सायकलची घंटा आपोआप वाजत होती, मागचं मडगार्ड निखळून पडलं, पाणी हललं नाही. मग ते पळत आले. मग कडब्याच्या गंजीवर चढून उडी मारली. मग डोळे मिटून उलटे चालत विहिरीला प्रदक्षिणा घातली. प्रत्येक वेळी लोक मोठ्यानं वाहवा म्हणायचे, आणि प्रत्येक वेळी दादा पेल्यात डोकावून आणखी खचायचे. आपल्या हातून पाणी सांडावं म्हणून एवढी धडपड करणारा माणूस त्या गावानं पाहिला नव्हता.

शेवटी ते घोड्यावर चढायच्या दगडावर बसले. त्यांनी पेल्यातलं पाणी पिऊन टाकलं.

"म्हणजे चाळीस वर्षं," ते नालबंदाला म्हणाले, "मी घोडे नाही तपासले. स्वतःचा हात तपासला."

नालबंदाला एरवी अशा वेळी बोलायला पुष्कळ सुचायचं. आज तो म्हणाला, "पण काय हात आहे रे."

बातमी पसरायला वेळ लागला नाही. संध्याकाळच्या आत दादांची जुनी गिऱ्हाइकं फाटकाशी येऊन उभी राहू लागली. सगळ्यांत आधी मोठे मास्तर आले. त्यांनी अकरा वर्षांपूर्वी दादांकडून काळा घोडा घेतला होता. खोगिरावरून त्यांनी एक जाड गादी काढली आणि ती काखेत धरून उभे राहिले.

"दादा, एक विचारायचं होतं," ते दबक्या आवाजात म्हणाले. "माझा घोडा फार आदळतो. आदळतो म्हणजे, सुरुवातीपासून."

"मग अकरा वर्षं बोलला नाहीत?"

"कसं बोलणार? पेला तर भरलेला होता. मला वाटलं दोष माझ्यात आहे. म्हणून ही गादी शिवून घेतली. घरी सांगितलं, थंडीसाठी आहे."

त्यांच्या मागे डॉक्टर होते. त्यांनी सात वर्षं कमरेला पट्टा बांधला होता आणि रोग्यांना सांगितलं होतं की तो अभ्यासासाठी आहे. पोस्टमननं तर घोडा गावाबाहेर नेऊन त्याच्या शेजारून चालत पत्रं वाटली होती आणि परत येताना गावात शिरण्यापूर्वी पुन्हा वर बसला होता. एकेक जण आपली गोष्ट सांगू लागला, आणि सगळ्यांची गोष्ट एकच निघाली. थेंबदादांचा घोडा आदळूच शकत नाही, तेव्हा आदळतोय तो मीच, असं प्रत्येकानं मनाशी धरलं होतं आणि लाजेनं दुसऱ्याला सांगितलं नव्हतं. दादांच्या शब्दावर लोकांचा विश्वास असा होता, की त्यांनी आपल्या हाडांवर विश्वास ठेवला नाही.

"परत घेतो," दादा म्हणाले. "सगळ्यांचे परत घेतो. नाहीतर दुसरे देतो. पण दुसरे तरी कुठले देऊ? माझ्या तबेल्यात चालीचा कुठला आणि बिनचालीचा कुठला, हे आज मलाच सांगता येत नाही."

"मला नको परत करायला," मोठे मास्तर घाईनं म्हणाले. "आता गादीशिवाय मला चैन पडत नाही. आमचं एवढंच, की दोष माझ्यात नव्हता असं आपण घरच्यांसमोर एकदा सांगावं."

लोक गेल्यावर दादा स्वयंपाकघरात येऊन बसले. वहिनींनी नेहमीसारखा काठोकाठ भरलेला चहाचा कप त्यांच्या हातात दिला. दादांनी कपाकडे असं पाहिलं, जणू तो चोरीचा माल होता.

"मला लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी कळलं होतं," वहिनी म्हणाल्या.

"काय कळलं होतं?"

"आठवतं, बैलगाडीचं चाक खड्ड्यात गेलं आणि गाडी उलटली? तुम्ही चिखलात उताणे पडलात. मी धावत आले तर तुमच्या हातात चहाचा कप तसाच. भरलेला."

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"त्यात बोलायचं काय? मला वाटलं, सांडलवंड न करणारा नवरा मिळाला, बरं झालं. घोड्यांचं मला काय ठाऊक? तुम्ही म्हणायचात चालीचे आहेत. माझ्याकडे पेला भरायचं काम, ते मी केलं."

दादांनी कप खाली ठेवला. त्यांना वडील आठवत होते. हा धंदा वडिलांचा, पेलाही वडिलांचा. पण वडील पेल्याला हात लावायच्या आधी कुंपणाशी डोळे मिटून उभे राहायचे आणि घोडा नुसता धावायला लावायचे. "आधी पाय ऐक, मग पेला भर," असं ते म्हणायचे. सुरुवातीची काही वर्षं दादांनी ऐकले होते पाय. मग पेल्याचं नाव झालं, लोक पेला बघायला येऊ लागले, आणि पाय ऐकायचं कधी सुटलं ते कळलंच नाही.

"पुढच्या गुरुवारी काय करायचं?" ते म्हणाले. "त्या बाईचं घर बुडेल माझ्या पायी."

वहिनी भांडी विसळत होत्या. "घोडी नापास झाली," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "हात तर नाही ना झाला?"

त्यानंतरच्या गुरुवारी सकाळी रस्त्यावरच्या लोकांनी जे पाहिलं ते त्यांना बरेच दिवस पुरलं. त्या आडदांड तांबडीवर थेंबदादा बसले होते, लगामाची गाठ मारून ती मानेवर टाकलेली, आणि दोन्ही हातांत पाच-पाच डझन अंड्यांच्या टोपल्या. घोडी ते नुसत्या गुडघ्यांनी हाकत होते. शेजारी त्यांच्याच दुसऱ्या एका घोड्यावर रिकाम्या हातांनी अंडेवाल्या बाई, टोपल्यांवरची नजर न काढता. तांबडी दणादण आदळत होती, दादांची टोपी पहिल्याच चढावर उडून गेली, आणि टोपल्या मात्र हवेतून अशा चालल्या होत्या की अंड्यांना आपण प्रवासाला निघालोय याचा पत्ता नव्हता.

वसतिगृहाच्या स्वयंपाक्यानं एकेक अंडं दिव्यासमोर धरून पाहिलं. एकशे वीस. त्यानं भुवया उंचावल्या आणि दादांना म्हणाला, "अहो अंडेवाले, पुढच्या वेळी जरा लवकर या." पाच बाजारांत ज्यांच्या शब्दावर घोडे विकले जायचे त्या माणसानं मान डोलावली आणि लवकर येतो म्हणून सांगितलं.

पण त्या वाटेवर आणखी एक गोष्ट घडली होती, आणि ती फक्त दादांना ठाऊक होती. दोन्ही हातांत टोपल्या असल्यामुळे बघायला पेला नव्हता. चाळीस वर्षं घोड्यावर बसल्यावर ते पाणी बघत आले होते. आता बघण्यासारखं काही नव्हतं, म्हणून कित्येक वर्षांनी त्यांच्या कानावर पायांचा आवाज पडला. टपक्-टपक्, टपक्-टपक्. दोनच ठोके. चार हवे होते. इतकं स्वच्छ ऐकू येत होतं, की त्यांना स्वतःची लाज वाटली आणि त्याच क्षणी आनंदही झाला. चूक ऐकू आली म्हणजे ती काढताही येणार होती.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी विक्री बंद केली आणि तांबडी शिकवायला घेतली. हे काम मात्र त्यांना खरंच येत होतं. पेल्याच्या नादात त्यांनी ते अडगळीत टाकलं होतं इतकंच. ते तिला साध्या चालण्यावरून हळूहळू वेगात आणायचे आणि ती दुडकायला लागणार त्याच्या केसभर आधी लगामानं मान उचलून धरायचे. तिथंच ठेवायचे. सुटली की पुन्हा पहिल्यापासून. नालबंदानं पुढच्या पायांना थोडे जड नाल करून दिले, मग आठवड्यानं ते काढून आणखी दुसरे, आणि एकदाही टोचून बोलला नाही. वहिनी कुंपणाशी उभ्या राहून टाळ्यांनी चार ठोके धरायच्या. त्यांचा ठेका मोठा पक्का होता. सकाळी तीन तास, संध्याकाळी दोन. त्रेसष्ट वर्षांचा माणूस घामानं निथळायचा, घोडीवर एकदाही आवाज चढवायचा नाही, आणि तिनं एक पाऊल बरोबर टाकलं की उतरून तिच्या कपाळाला कपाळ लावायचा. ते पाहायलाही माणसं येऊ लागली. यात टाळ्या वाजवण्यासारखं काही नव्हतं, तरी ती माणसं तासन्‌तास उभी राहायची.

दर गुरुवारी मात्र अंडेवाले वसतिगृहात वेळेवर हजर असायचे.

सातव्या गुरुवारी सकाळी बाई टोपल्या घेऊन आल्या तेव्हा दादांनी त्या हातात घेतल्या नाहीत. त्यांनी त्या तांबडीच्या खोगिराला दोन बाजूंनी बांधल्या.

"आज तुम्ही बसा," ते म्हणाले. "आधी अंगणात तीन फेऱ्या. मग डोंगर."

"फुटली तर?"

"फुटली तर अजून दोन टोपल्या घरात भरून ठेवल्यात. त्या मी नेतो."

नालबंद हातोडा ठेवून उभा राहिला. मोठे मास्तर गादी काखेत घेऊन आले होते. वहिनी सवयीनं पेला भरून घेऊन आल्या, आणि आणल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आज तो कुणाला द्यायचाच नाही. परत कुठं न्यायचा म्हणून त्यांनी तो दादांच्याच हातात ठेवला. दादा तो घेऊन अंगणाच्या मधोमध उभे राहिले.

बाईंनी टाच लावली. तांबडी निघाली, वेगात आली, आणि दादांनी डोळे मिटले. टप टप टप टप. चार. वळणावर चार, ओढ्याकडच्या खडबडीत बाजूला चार. बाईंची पाठ ताठ होती, टाचा खाली होत्या. त्यांनी शिकलेलं काही वाया गेलं नव्हतं. दुसऱ्या फेरीला त्या नकळत हसू लागल्या. तिसऱ्या फेरीला त्या नालबंदाशी जाता जाता बोलल्या आणि त्यांची जीभ चावली गेली नाही.

त्या थांबल्या, उतरल्या आणि टोपलीचं झाकण उघडून गवतात हात घातला. वरचा थर, मधला थर, खालचा थर. दुसरी टोपली. सगळं अंगण त्यांच्या हाताकडे बघत होतं.

"एकही नाही," त्या म्हणाल्या, आणि तोंडावर हात धरून तिथंच उभ्या राहिल्या.

नालबंदाला दादांना काहीतरी म्हणायचं होतं. तो वळला आणि म्हणायचं विसरला.

"अरे," तो म्हणाला, "तुझा पाय भिजलाय."

सगळ्यांनी पाहिलं. दादा सपाट जमिनीवर उभे होते. वारा नव्हता, जवळपास गाढव नव्हतं. आणि त्यांच्या हातातला पेला थरथरत होता. निम्मं पाणी बोटांवरून, मनगटावरून, चपलेवर पडून गेलं होतं. दादांना ते नालबंदानं सांगेपर्यंत कळलंही नव्हतं. ते अजून घोडीच्या पायांकडेच बघत होते.

"थेंब सांडला," वहिनी म्हणाल्या.

त्या तबेल्यात गेल्या आणि घोड्यांच्या दाणा-चंदीच्या पत्र्याच्या डब्यातून एक फडक्याचं गाठोडं घेऊन आल्या. तांबडी घेताना बाईंनी तिचे पैसे जसे बांधून दिले होते तशीच त्याची गाठ होती. त्यांनी ते बाईंच्या हातात ठेवलं.

"अहो पण घोडी तर पास झाली," बाई म्हणाल्या. "हे कशाला?"

"बाई, चाळीस वर्षं बोलत आलोय," दादा म्हणाले. त्यांचा आवाजही हातासारखाच झाला होता. "एकदा तरी पाळू द्या. निघा आता, तो दहानंतर घेत नाही."

बाई निघाल्या. वळणापाशी त्या दिसेनाशा झाल्या तरी पाय ऐकू येत होते, आणि ते ऐकू येईनासे होईपर्यंत अंगणातलं कुणी हललं नाही. मग मोठ्या मास्तरांनी घसा खाकरून विचारलं, की त्यांच्या काळ्याचं वय शिकण्याच्या पलीकडे गेलेलं तर नाही ना. दादा म्हणाले, उद्या घेऊन या.

"आणि यापुढे," ते वहिनींना म्हणाले, "पेला भरायचा तो गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा."

"आणि तुमच्या हातात?"

"माझ्या हातात चहा दे."

वहिनी आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी कप काठापासून दोन बोटं कमी भरला होता.